दारू सोडायला कुठे जायचं, हे कोणाला विचारायचं?

खासबागेत कुणाच्या घरी आज काय शिजलं हे मागच्या गल्लीत कळतं. मागांचा खडखडाट, उघडी दारं, रविवारी बाजाराची गर्दी. अशा ठिकाणी घरातल्या माणसाचं पिणं लपत नाही. तरी ‘सोडायला कुठे जायचं’ हे कोणी कोणाला विचारत नाही. न विचारता सल्ले मात्र पुष्कळ मिळतात. देवाची शपथ घाला, माळ घालायला लावा, चहातून औषध द्या. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण नकळत औषध देणं धोक्याचं असतं. दारूचा तिटकारा आणणाऱ्या काही गोळ्यांवर माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकतं.

माझं माहेर खासबाग, सासर निपाणी. दादासाठी आम्ही जी शोधाशोध केली, ती त्याला विचारूनच इथे लिहिते आहे.

आम्ही आधी मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो, ते बरं झालं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केलं तर हातपाय थरथरतात, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होऊन माणूस भलतंच बोलू लागतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. ते बाहेरचं नसतं आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. दादाला काही दिवस औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं. मग डॉक्टर म्हणाले, “शरीराचं काम मी केलं. आता ग्रुपला जा.”

हा ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलताना सगळे ए.ए. म्हणतात. नावातच ‘अनाम’ असल्यामुळे दारावर पाटी नसते. भारतातल्या ए.ए.च्या संकेतस्थळावर गावोगावच्या बैठका मिळतात. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर आम्ही फोन केला, तर पलीकडच्या माणसानं आडनावसुद्धा विचारलं नाही. “रविवारी या, चहा असतो,” एवढंच.

दादा मुद्दाम लांबची, कॅम्पातली बैठक निवडून बसला. तरी शनिवारी रात्री त्याचं सुरू झालं, “तिथं कोण ओळखीचं भेटलं तर?” वहिनी भाकरी थापत म्हणाली, “भेटलं तर ते पण त्याचसाठी आलेलं असणार की ओ.”

आणि भेटलंच. वडगावचा एक विणकर, दादाच्याच वयाचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही हसले.

ती खुली बैठक होती, म्हणून वहिनीला आणि मला बसता आलं. काही बैठका फक्त पिणाऱ्यांसाठीच असतात. शाळेचा वर्ग, मुलांचे बाक, त्यावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. एकेक जण आपलं नाव सांगून आपलीच हकिकत सांगतो. कोणी मराठीत, कोणी कन्नडात, एकजण हिंदीत. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. भाषेवरून चहाच्या टपरीवर वाद पेटणाऱ्या आपल्या गावात इतकी निवांत बेरीज मी प्रथमच पाहिली. तिथला नियमच आहे की बाहेरच्या वादांवर संघटना मत देत नाही. फी नाही. शेवटी पेटी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. दादा त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. कोणी बोलायलाही लावलं नाही.

ही पद्धत १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. शेअर बाजारातले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ, दोघंही पिणारे. एक पिणारा दुसऱ्याशी बोलला की स्वतःही कोरडा राहतो, एवढ्यावर सगळं उभं आहे. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली.

ज्याला राहून उपचार हवेत त्याच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. पुलं एके काळी आपल्या बेळगावात प्राध्यापक होते, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक! पण तिथून परतल्यावरही रोजची संध्याकाळ आपल्याच गल्लीत काढायची असते. तिथे ए.ए.सारखी जवळची बैठक उपयोगी पडते.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो. बिल यांच्या पत्नी लोइस यांनी तो १९५१ मध्ये उभा केला. पिणारा सुधारो न सुधारो, घरच्यांनी आपला जीव कसा सांभाळायचा, हे तिथं बोलतात. वहिनीला आधी ते पटेना. “प्यायचं त्यांनी आणि ग्रुपला मी जाऊ?” मग एक दिवस तिनंच फोन लावला. बावीस वर्षांत तिनं दादाच्या खिशातले पैसे मोजणं कधी सोडलं नव्हतं, आणि हे ती पहिल्यांदा कुणापुढे बोलली.

दादा मधे एकदा घसरला, गणपतीत. पुढच्या रविवारी गेला तेव्हा कोणी मागचे दिवस मोजले नाहीत. वडगावच्या विणकरानं शेजारची जागा करून दिली. आता दोघं एकाच स्कूटरवर जातात.