रेस न देता साखळी फिरते तेव्हा : चेनसॉचा स्लो का वाढतो?

मागच्या वेळी आपण टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच का मिसळायचं ते पाहिलं. आजचा विषय त्याच्याच पुढचा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. नारळ, सुपारी, आंबा, फणस, किती झाडं आडवी झाली ते कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी बागायतदारांनी स्वतःचा चेनसॉ घेतला. आपल्याकडे त्याला सरळ 'कटर' म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा कटर वर्षातून आठ-दहा दिवस चालतो आणि बाकीचे दिवस पडवीत पडून असतो. मग पावसाच्या तोंडावर काढला की तक्रार ठरलेली : "स्लो वाढलाय, रेस न देता साखळी फिरतेय."

ही तक्रार ऐकली की नव्वद टक्के लोकांचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. आमचाही गेला होता. एका शेजाऱ्यांचा कटर आला, आम्ही स्लोचा स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला, साखळी थांबली. दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी फणसाचं खोड कापायला घेतलं आणि तासाभरात कटर जागच्या जागी जाम झाला. उघडून पाहिलं तर पिस्टनवर उभ्या रेघोट्या. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधलं रबर चिरलेलं होतं. वाढलेला स्लो हे त्या चिरेचं लक्षण होतं, आणि आम्ही लक्षण दाबून टाकलं. शेजारी काही बोलले नाहीत, पण आमच्या मनात ते राहिलं. म्हणून आज क्रमाने सांगतो.

आधी आकडे बघू. बहुतेक कटर स्लोवर मिनिटाला २,५०० ते ३,००० फेरे घेतात. रिकाम्या पूर्ण रेसवर तेच १२-१३ हजारांपर्यंत जातात. साखळी इंजिनाला थेट जोडलेली नसते, मध्ये क्लच असतो. फेरे वाढले की क्लचचे तुकडे फिरण्याच्या जोराने स्प्रिंगच्या विरुद्ध बाहेर सरकतात आणि ड्रमला धरतात. हे साधारण साडेतीन-चार हजारांच्या पुढे होतं. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

म्हणून पहिला प्रश्न हा : स्लो खरंच वाढलाय का? आवाज नेहमीसारखा संथ आहे आणि तरी साखळी सरकते, तर दोष क्लचचा. स्प्रिंग सैल पडली असेल किंवा तुटली असेल. तिथे कार्बोरेटरला हात लावून काही मिळणार नाही. आवाजच चढा असेल तर पुढे जाऊ.

दुसरं, रेसची पाकळी पूर्ण मिटते का? कटर थंड असताना चालू करायला जी स्थिती असते, तिच्यात पाकळी मुद्दाम थोडी उघडी अडकवलेली असते. रेसचा खटका एकदा दाबून सोडला की ती सुटते. पुष्कळदा हा खटका दाबायचाच राहतो. हे लगेच करा, कारण साखळीचा ब्रेक लावून चढ्या रेसवर इंजिन चालू ठेवलं तर क्लच जळतो. खटका दाबूनही फरक पडला नाही तर इंजिन बंद करा, प्लगची कॅप काढा, एअर फिल्टर उघडा. पाकळीची दांडी आणि तार हाताने हलवून बघा. भुसा आणि तेल यांचा लगदा तिथे बसतो, पाकळी केसभर उघडी राहते. तेवढंही पुरतं.

तिसरं, फिल्टर. इथे एक गंमत आहे. फिल्टर तुंबलेला असताना कुणी स्क्रू जुळवले असतील, तर ते कमी हवेच्या हिशोबाने जुळवलेले असतात. नंतर फिल्टर धुतला की हवा मोकळी होते आणि स्लो वाढतो. म्हणून आधी फिल्टर स्वच्छ, मग सेटिंग. उलट कधी करू नये.

आता मुख्य मुद्दा. पाकळी मिटते, फिल्टर स्वच्छ आहे, स्क्रूला कुणी हात लावलेला नाही, तरी स्लो वाढला. असं झालं तर एकच संशय घ्या : मिश्रण पातळ झालंय. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. स्लोवर मिश्रण मुद्दाम थोडं दाट ठेवलेलं असतं. ते पातळ होऊ लागलं की काही अंतरापर्यंत इंजिन उलट जोरात पळतं. ऐकायला छान वाटतं, आणि इथेच माणूस फसतो. कारण ऑइल कुठून येतं? पेट्रोलमधून. एक लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १ हे प्रमाण आपण मागच्या वेळी केलं. पेट्रोल कमी आलं की ऑइलही कमी येतं, आणि इंजिन तापतं ते वेगळंच. स्लोचा स्क्रू मागे घेऊन आपण फक्त पाकळी मिटवतो. पूर्ण रेसवर पाकळी उघडली की उपासमार तशीच चालू राहते. आमच्या शेजाऱ्यांच्या पिस्टनचं हेच झालं.

पातळ मिश्रणाच्या खुणा लक्षात ठेवा. खटका सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, रेंगाळतो. एकदम रेस दिली की इंजिन अडखळतं. गरम झाल्यावर स्लो आणखी चढतो. कटर आडवा-उभा केला की आवाज बदलतो. प्लगचं टोक चॉकलेटी असायला हवं, ते पांढुरकं दिसतं. क्षणभर चोक थोडा ओढला आणि इंजिन शांत झालं, तर संशय जवळजवळ पक्का.

मग दोन बाजू तपासायच्या. पेट्रोलची बाजू : टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर वाकड्या तारेने बाहेर ओढा, काळा पडला असेल तर बदला. नळी दाबून बघा, कडक झाली किंवा चिरली तर बदला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून कटर ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावं. टाकीला हवा जायची बारीक वाट असते. टाकीचं झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारलं, तर ती वाट बुजलीय.

हवेची बाजू : कार्बोरेटरचे बोल्ट, त्याचं पॅकिंग, सिलिंडरकडे जाणारं रबर, आणि क्रँकचे दोन्ही ऑइल सील. फोर-स्ट्रोकमध्ये सील गेलं तर तेल गळतं, आपल्याला डाग दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, त्यामुळे सील गेलं की तिथून हवा आत शिरते, आणि ती दिसत नाही. रबराची चीर हाताने वाकवून दिसते. सीलसाठी मात्र मेकॅनिककडे दाबाची चाचणी करून घ्यावी. चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे लोक आहेत. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो. कृपा करून ते करू नका.

हे सगळं ठीक निघालं तरच स्क्रू. इंजिन गरम हवं, कटर सपाट जमिनीवर, साखळीपासून पाय लांब. आधी एल लिहिलेला स्क्रू. तो आत गेला की मिश्रण पातळ, बाहेर आला की दाट. ज्या जागी आवाज सर्वात चढा लागतो ती जागा शोधा आणि तिथून साधारण पाव फेरा बाहेर घ्या. रेस दिल्यावर इंजिन न अडखळता उचललं पाहिजे. मग टी किंवा एलए लिहिलेला स्लोचा स्क्रू साखळी थांबेपर्यंत बाहेर, आणि वर थोडा आणखी. एच स्क्रूला कानाच्या अंदाजाने हात लावू नये, त्याला फेरे मोजायचं मीटर लागतं.

एका श्रोत्यांनी विचारलंय, "काम अर्ध्यावर आहे, साखळी हळूच फिरतेय, एवढं खोड कापून मग बघितलं तर?" नाही. कापून झाल्यावर आपण खटका सोडतो, कटर मांडीजवळून खाली आणतो आणि दुसऱ्या फांदीकडे चालू लागतो. साखळी थांबलीय असं आपला पाय धरून चालतो. ती थांबलेली नसेल, तर तो कटर त्या दिवसापुरता बंद. खोड उद्याही तिथेच पडलेलं असेल.

पुढच्या वेळी साखळीला धार कशी लावायची ते बघू. आपापली कानस घेऊन या.