गोळी सोडायचीही रीत असते

निफाड तालुक्यात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की द्राक्षबागांमधून दिवसभर कात्र्यांचा आवाज येत राहतो. आमच्या मोठ्या काकूंची या कामात चाळीस वर्षं गेली. एका हंगामात त्यांना कात्रीच धरता येईना. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटायची नाहीत. मनगटं सुजलेली असत आणि वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागे. आठवडे बाजारात कुणीतरी सांगितलं, अमुक माणसाकडे सांध्यांची पुडी मिळते, शुद्ध जडीबुटी आहे. पुडी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी पाण्याची बादली स्वतः उचलली. त्या दिवाळीला करंज्याही त्यांनीच केल्या.

वर्षभरात चेहरा गोल गरगरीत झाला. पाहुणे म्हणायचे, "काकू, तब्येत सुधारली." परातीचा काठ हाताला लागला तरी काळानिळा डाग पडायचा. भूक वाढली आणि रात्रीची झोप उडाली, पण त्याचा आणि पुडीचा संबंध कुणाच्या मनात आला नाही. मग पुडीवाला एकाएकी यायचा बंद झाला. आठवडाभरात काकूंना ओकाऱ्या सुरू झाल्या, पायातलं त्राण गेलं आणि एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. नाशिकला आणलं तेव्हा रक्तदाब आणि साखर दोन्ही तळाला गेली होती. डॉक्टरांनी चेहरा पाहिला, हातावरचे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना कुठली पुडी चालू होती का?" हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन दिल्यावर संध्याकाळी काकूंनी चहा मागितला.

पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. शरीरात नेमकं काय झालं होतं तेही त्यांनी समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. पहाटे ते सर्वांत जास्त असतं. रक्तदाब आणि साखर राखणं, ताप किंवा दुखापतीत शरीराला तगवून धरणं हे त्याचं काम. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे ५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण शरीराची दिवसभराची कमाई. तेच औषध काही आठवडे बाहेरून येत राहिलं की मेंदू ग्रंथींना हुकूम सोडणं थांबवतो आणि त्या आक्रसून झोपी जातात. त्यांना जागं व्हायला महिने लागतात. गोळी अचानक बंद केली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, अशी शरीराची गत होते.

काकांना हे चटकन कळलं, कारण त्यांची हयात जीएची मात्रा मोजण्यात गेली आहे. मणी लांबावा, फुगावा म्हणून द्राक्षाचे घड जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे जीएच्या, द्रावणात बुडवतात. तेही संप्रेरकच. पीपीएम चुकलं की देठ जाड आणि कडक होतो, मणी गळतात. "म्हणजे काकूंचं डिपिंग मोजमाप न करता चाललं होतं," काका म्हणाले. त्यानंतर घरात कुणाला वेगळं समजावावं लागलं नाही.

स्टेरॉइड औषधांचा जन्मच संधिवाताशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २१ सप्टेंबर १९४८ रोजी फिलिप हेंच यांच्या पथकाने सांध्यांनी जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला एडवर्ड केंडल यांनी वेगळं केलेलं 'संयुग ई' टोचलं. आठवडाभरात ती बाजारहाट करायला बाहेर पडली. पुढे याच औषधाला कॉर्टिसोन म्हणू लागले. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि ताडेउस राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण गोल चेहरा, ठिसूळ हाडं आणि औषध थांबवताच परतणारा आजार हेही डॉक्टरांना लवकरच दिसलं. आज आपल्याकडे चिठ्ठीवर दिसणारी प्रेडनिसोलोन १९५५ च्या सुमारास आली.

तरीही ल्युपस, आतड्यांचा दाह, काही फुफ्फुसांचे आणि मूत्रपिंडांचे आजार यांत ही गोळी अवयव वाचवते, माणूस वाचवते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं की ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे कमी होतात. मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, तीही फार तर दहा दिवस. पुढच्याच वर्षी आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेत, साखर हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठलं. डोळे गेले, जबडे काढावे लागले. तेव्हापासून स्टेरॉइड हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, आणि घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करतात. मला या भीतीची काळजी पुडीइतकीच वाटते.

काकूंना आमवाताचं निदान झालं. मूळ आजारासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून काकांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फक्त रविवारी खूण केली. त्याच कॅलेंडरवर प्रेडनिसोलोनची उतरती मात्राही लिहिली. सुरुवातीचे मिलिग्रॅम भराभर कमी झाले. पाचाच्या खाली आल्यावर एकेक मिलिग्रॅम उतरायला महिना-महिना लागला. मधे दोनदा बोटं आखडली आणि पायरीभर मागे जावं लागलं. त्या दोन्ही वेळी काकू रडल्या.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायची. शरीराच्या स्वतःच्या घड्याळाशी ते जुळतं आणि रात्रीची झोपही फारशी बिघडत नाही. आमच्याकडे अडचण आली ती एकादशीला. उपाशीपोटी गोळी नको म्हणून काकूंनी ती टाळली. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, भगर खा, दूध घ्या, पण गोळी चुकवू नका. दिवाळीच्या फराळाच्या ताटातली शेव-चकलीही मोजून आली, कारण या औषधावर मीठ अंगात पाणी साठवतं. साखरेची एक गंमत फार जणांना ठाऊक नसते. सकाळच्या गोळीने साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये. जेवणानंतरची साखर पाहावी.

हाडांची झीज पहिल्या सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. त्यामुळे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांची विचारणा सुरुवातीलाच करावी. डोळे दरवर्षी तपासावेत. मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यांतला दाबही वाढू शकतो. जांघेत दुखू लागलं तर थकवा म्हणून सोडून देऊ नये, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. खोकला रेंगाळला, वजन उतरलं तर क्षयाची तपासणी करावी, कारण स्टेरॉइड ताप आणि सूज दोन्ही झाकून ठेवतं.

ताप आला तर बहुधा मात्रा वाढवावी लागते. किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा. दाढ काढायची असो वा हर्नियाचं ऑपरेशन, चालू गोळी आधी सांगावी. आणि सांध्यांची जी पुडी दोन-तीन दिवसांत चमत्कार दाखवते, ती घेऊन थेट डॉक्टरांकडे जावं. महिनोन्महिने घेत असाल तर तीसुद्धा एकदम फेकून देऊ नये.

काकू आता दिवसाला अडीच मिलिग्रॅमवर आहेत. यंदा त्यांनी छाटणी केली नाही, पण बांधावर बसून मजुरांचा हिशोब ठेवला. त्यांच्या पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी आहे: नाव, घरच्यांचा नंबर, औषध, मात्रा, कधीपासून, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मी स्टेरॉइड घेते, अचानक बंद करू नये'. तुमच्या घरी कुणाला ही गोळी चालू असेल, तर अशी चिठ्ठी आजच लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.