कोळ्यांची नोंदवही



दिवाळी जवळ आली की आपण लांब काठीला झाडू बांधतो आणि घरातली कोळिष्टकं काढतो. ते जाळं कोणत्या कोळ्याचं, हे मात्र आपण कधी बघत नाही. आज आम्ही तुम्हाला ब्रिटनची माहिती सांगणार आहोत. तिथे कोळ्यांची रीतसर नोंद ठेवतात.

ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या साडेसहाशेहून जास्त जाती आहेत. त्यांची देशभर नोंद ठेवायचं काम 1987 साली सुरू झालं. नोंदी पाठवणाऱ्यांत हौशी माणसं पुष्कळ आहेत. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी लागतात: कोणता कोळी, कुठे दिसला, कधी दिसला आणि कोणी पाहिला. आपल्या गटाच्या रजिस्टरसारखंच आहे हे. रक्कम लिहिली पण तारीख नाही, नाव नाही, तर हिशोब लागत नाही.

यात अवघड काम म्हणजे नाव ठरवणं. नुसत्या रंगावर जाऊन चालत नाही. एकाच जातीत वेगवेगळे रंग असतात आणि काही वेगळ्या जाती हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून पूर्ण वाढ झालेला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात, त्यांची टोकं तपासतात. मादीच्या पोटाखालची खूण तपासतात. शंका असली तर जाणकाराला दाखवतात.

एवढं करून उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. नॉरफोक आणि सफोक या दोन परगण्यांच्या सीमेवर एक मोठी दलदल आहे. तिथे 1956 साली एरिक डफी यांना पाण्यावर चालणारा एक मोठा कोळी सापडला. ब्रिटनमध्ये ही जात तोवर कोणाला माहीत नव्हती. पुढे दलदलीशेजारी पाणीपुरवठ्यासाठी बोअर घेतली. जमिनीतलं पाणी खाली गेलं, दलदल सुकत चालली आणि कोळी थोड्याच डबक्यांत उरले. पण नोंद झालेली होती, म्हणून काय हातचं चाललंय ते सांगता आलं. अखेर 1999 साली ती बोअर तिथून हलवली.

पुढचं काम एका बाईंनी केलं. हेलन स्मिथ या संशोधक. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात या कोळ्याची हजारो पिल्लं वाढवली. एका काचेच्या नळीत एकच पिल्लू, आणि खायला बारीक माश्या. 2010 पासून ही पिल्लं दुसऱ्या पाणथळ जागांत सोडली. तिथे ती रुजली का, हे बघायला पुन्हा मोजणी आणि पुन्हा नोंद.

मैत्रिणींनो, नोंदच झाली नसती, तर तो कोळी संपला हेसुद्धा कोणाला कळलं नसतं.

यंदा झाडू फिरवण्याआधी जाळ्याकडे जरा निरखून बघा. वहीत तारीख, जागा आणि तुमचं नाव लिहा. कोळ्याचं नाव आत्ता माहीत नसलं तरी तेवढी जागा मोकळी ठेवा.