थांबलेली स्कुटी झोपलेली नसते
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणत्याही प्रभागसंघाच्या बैठकीला जा, बाहेर चार-सहा स्कुट्या उभ्या दिसतात. बँक सखी, पशुसखी, आशाताई, दुधाचा हिशोब बघणारी ताई, सगळ्यांची कामं आता स्कुटीवर होतात. कुणी गटाच्या कर्जातून घेतली, कुणाला घरच्यांनी घेऊन दिली. शिकलो मात्र सगळ्या एकसारख्याच. गावाबाहेरचा मोकळा रस्ता, मागे भाऊ नाहीतर नवरा, आणि शिकवणी एवढीच की मूठ पिळली की पळते, ब्रेक दाबला की थांबते.

थांबल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि आमच्या गटांत स्कुटीवरून पडल्याचे जे प्रसंग मी ऐकते, त्यातले बरेचसे थांबलेल्या गाडीचे असतात. आठवडी बाजारात, फाटकावर, घराच्या ओट्यापाशी. एकदा असं पडलं की बाई पुन्हा गाडीला हात लावत नाही. मग बँकेत जायचं तर कुणाच्या तरी पाया पडा, नाहीतर ऑटोची वाट बघा. म्हणून आज फक्त एवढंच बोलू या की रस्त्यात गाडी थांबली तर तिला कसं धरायचं.

स्कुटीला न्यूट्रल नसतो

मोटारसायकलवाला थांबताना गाडी न्यूट्रल करतो. न्यूट्रल म्हणजे इंजिन आणि चाक यांचं नातं तोडणं. मग इंजिनला कितीही रेस द्या, गाडी जागची हलत नाही. आपल्या स्कुटीत असा न्यूट्रलच नाही. इंजिन चालू आहे तोवर ती निघायच्या तयारीत उभी असते.

हे कसं चालतं? इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे एका रबरी पट्ट्यावरून जाते, पिठाच्या गिरणीला पट्टा असतो तसाच. पट्टा ज्या दोन चाकांवर फिरतो, त्यांचा घेर वेगाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होतो. म्हणून आपल्याला गिअर टाकावा लागत नाही. मागच्या चाकापाशी एक गोल डबा असतो आणि त्याच्या आत क्लचचे शू असतात. ते स्प्रिंगने आत ओढून धरलेले असतात.

आता शेतात पाखरं हाकायची गोफण आठवा. हळू फिरवली तर दगड हातापाशीच लोंबतो, जोरात फिरवली की बाहेर ओढ घेतो. क्लचचे शूही तसेच. इंजिन संथ चालू असतं तेव्हा ते आत बसलेले असतात आणि चाक मोकळं असतं. मूठ जराशी पिळली, इंजिन जोरात फिरलं, की शू बाहेर फेकले जातात, डब्याला चिकटतात आणि चाक ओढतात. म्हणजे उभी गाडी आणि पळती गाडी यांच्यामध्ये तुमच्या मनगटाचा एक पीळ असतो, बस्स.

पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना आणली, १९८४ साली जपानच्या होंडासोबत कायनेटिक होंडा आणली. गिअरची कटकट नसलेल्या गाड्या आपल्याकडे अशा रुळल्या आणि पुढे बायकांच्या हाती दुचाकी आली, त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे. सोय मोठीच आहे. फक्त तिचा स्वभाव माहीत हवा.

डावा हात धरतो, उजवा हात चालवतो

स्कुटीत डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा आणि उजव्या हाताचा पुढच्या. नव्या गाड्यांत डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण रेस फक्त उजव्या मुठीत असते. घोटाळा इथेच होतो. माणूस दचकला की मूठ घट्ट आवळतो, आणि आवळताना मनगट वळतं. उजव्या हाताने ब्रेक धरून उभ्या असलेल्या बाईला मागून कुणी हॉर्न मारला, तर ब्रेकसोबत रेसही मिळते.

म्हणून गाडी थांबली, दोन्ही पाय जमिनीला टेकले, की डावा ब्रेक दाबून ठेवा आणि उजव्या हाताची पकड सैल करा. तळहात मुठीवर नुसता टेकलेला राहू द्या. निघताना आधी समोर बघा, मग आरशात बघा, मग डावा ब्रेक सोडा आणि सर्वात शेवटी रेस द्या.

थोडं थांबायचं असेल तर

चौकात वाहतूक अडली, शेळ्यांचा कळप आडवा आला, एसटी वळण घेते आहे, असं अर्ध्या मिनिटाचं थांबणं असेल तर इंजिन चालू राहू द्या, डावा ब्रेक सोडू नका. पुढच्या गाडीला चिकटून उभं राहू नका. तिचं मागचं चाक जमिनीला टेकलेलं दिसेल इतकं अंतर ठेवा, म्हणजे ती मागे सरकली तरी आपल्याला जागा राहते. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा कापसाची भरलेली गाडी असेल तर अजून मागे. त्या ड्रायव्हरला आपण आरशात दिसायला पाहिजे.

आणखी एक सवय मोडायला हवी. गर्दीत गाडी इंच-इंच पुढे न्यायची म्हणून काही जणी रेस आणि ब्रेक दोन्ही एकदम धरतात. याने क्लचचे शू घासून तापतात. पुढे हात-दोन हात जागा झाली, की एकदाच हलकी रेस देऊन पुढे जा आणि पुन्हा थांबा.

जास्त थांबायचं असेल तर

आपल्या जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जातो. जिथे अजून फाटक आहे, तिथे पाच-दहा मिनिटं सहज जातात. शेगावला उत्सवाच्या दिवसांत रस्ते भरतात, पालखी असली की वाहतूक बराच वेळ थांबते. अशा वेळी चावी बंद करा. चावी बंद करणं हाच स्कुटीचा न्यूट्रल. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो आणि कुणाचा हात मुठीला लागला तरी गाडी हलत नाही.

फाटकाखालून वाकून गाडी काढायची नाही. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रूळ दोन असतात. एक गाडी गेली की दुसरी उलट्या दिशेने येऊ शकते. फाटक उघडल्यावर सगळे एकदम सुटतात, तेव्हा मोठ्या गाड्यांना आधी जाऊ द्या. मग डावा ब्रेक दाबून गाडी चालू करा. ब्रेक दाबल्याशिवाय बटण स्टार्टर चालत नाही, ते याचसाठी. चालू होतानाच गाडी पळू नये.

चढावर थांबावं लागलं तर

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाताना राजूर घाट लागतो. घाट चढताना पुढे ट्रक अडकला तर काय कराल? बऱ्याच जणी थोडी-थोडी रेस देऊन गाडी चढावर तोलून धरतात. तसं करू नका. गाडी जागची हलत नाही, पण आत क्लच घासत राहतो. जळका वास येतो तो त्याचाच. पुढे शू झिजले की गाडी चढाला ओढत नाही आणि खर्च निघतो. चढावर गाडी ब्रेकनेच धरा. काही स्कुट्यांना डाव्या ब्रेकपाशी लॉकची पट्टी असते, ती लावून ठेवता येते. निघताना हलकी रेस द्या, गाडी ओढ घेते आहे असं जाणवलं की मग ब्रेक सोडा.

बाजारातले तीन धोके

पहिला धोका लहान मुलाचा. पोरगं पुढे पायदानावर उभं असतं आणि त्याचा हात बरोबर मुठीपर्यंत पोचतो. आई भाजीचे पैसे द्यायला वळते, इंजिन चालूच असतं, पोरगं मूठ पिळतं. आमच्या एका गटातल्या ताईंची गाडी अशीच समोरच्या टोपल्यांवर जाऊन आदळली. लेकरू वाचलं, ताईंचा हात मोडला. मूल गाडीवर असताना उतरायचं किंवा वळायचं असेल, तर आधी चावी काढून घ्या.

दुसरा धोका पिशवीचा. भाजीची पिशवी उजव्या मुठीला अडकवू नका. पिशवीचा बंद मूठ ओढतो. पुढे हुक असतो, नाहीतर सीटखाली जागा असते.

तिसरा धोका गाडी हाताने सरकवण्याचा. अंगणात, ओट्यावर चढवताना किंवा गर्दीतून काढताना आपण खाली उतरतो, इंजिन चालूच ठेवतो आणि जोर लावायला दोन्ही मुठी धरतो. जोर लागला की उजवी मूठ फिरते, गाडी उधळते आणि आपण तिच्यामागे फरफटतो. खाली उतरलात तर इंजिन बंदच हवं.

गाडी बाजूला घ्यायला शाळकरी पोराच्या हाती चावी देऊ नका. सोळाव्या वर्षी मिळणारं विनागिअर लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं असतं. आपल्याकडच्या ११० सीसीच्या स्कुटीला १८ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून अपघात झाला, तर कायद्याने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

चार्जिंगची गाडी आणि चारचाकी

चार्जिंगच्या स्कुटीला उभी असताना आवाज नसतो, त्यामुळे ती चालू आहे हेच विसरायला होतं. मोटर शून्यापासून ओढते. पार्किंगचं बटण कुठे आहे, साइड स्टँड लावला की मोटर बंद होते का, हे आपल्या गाडीचं आपण दुकानात विचारून, करून बघावं.

ऑटोमॅटिक चारचाकी शिकत असाल तर तिथेही तत्त्व हेच. 'डी'मध्ये ब्रेकवरचा पाय सैल झाला की बहुतेक गाड्या आपोआप पुढे सरकतात. थोडं थांबायचं तर 'डी'मध्येच ब्रेक दाबून ठेवा. बराच वेळ थांबायचं तर हँडब्रेक ओढून 'एन' करा. 'पी' हे गाडी लावून उतरण्यासाठी.

पुढच्या बैठकीत हे करून बघा

गाडी मधल्या स्टँडवर लावा, चालू करा आणि रेस देऊ नका. मागचं चाक जोरात फिरत असेल, किंवा सपाट रस्त्यावर रेस न देताही गाडी पुढे सरकत असेल, तर इंजिनची संथ गती जास्त आहे नाहीतर क्लचचा स्प्रिंग गेला आहे. मेकॅनिकला दाखवा. थंडीत सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर गती थोडा वेळ वाढलेली असते, तेव्हा लगेच लेकराला पुढे उभं करू नका.

मग मोकळ्या जागेत प्रत्येकीने दहा वेळा गाडी चालवून थांबवावी. डावा ब्रेक, दोन्ही पाय खाली, उजवा हात सैल. मैत्रिणीने मागून अचानक हॉर्न वाजवावा. गाडी जागची हलली नाही, तर तुमच्या हाताला सवय लागली. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, हप्ते गोळा करून झाले की लगेच करता येईल. आणि पडल्यापासून गाडी बाजूला ठेवलेली एखादी ताई गटात असेल, तर पहिला नंबर तिचा लावा.