ध्वनिवर्धक घरचाच, पण हात कितपत घालायचा?

नसरापूर - पुणे-सातारा महामार्ग सोडून चेलाडी फाट्यावर आत वळले, की बनेश्वरची वाट आणि वेल्ह्याकडे जाणारा रस्ता यांच्या तोंडाशी वसलेली ही बाजारपेठ लागते. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील कित्येक गावांचा बाजारहाट येथेच उरकतो. मात्र घरी जोडलेल्या ध्वनिवर्धकाचा नेमक्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर उडाला, तर बहुधा स्वारगेटला उतरून बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठावी लागते. अंतर सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. आता सुटे भाग टपालानेही घरपोच येतात. पण कोणता भाग मागवायचा, हे आधी कळावे लागते. घरगुती ध्वनियंत्रणेच्या छंदात माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याने किती पैसे घातले यावरून ठरत नाही. यंत्र मुके झाल्यावर ते का मुके झाले, हे त्याला स्वतःला किती सांगता येते, यावरून ठरते.

'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरांना नवा नाही. १९९१पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते आणि नामांकित कंपन्यांचा माल महाग होता. त्या काळी गल्लीतल्या मेकॅनिककडून जोडून घेतलेला डेक किंवा ॲम्प्लिफायर ही मध्यमवर्गाची सोय होती. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्यात तपकीर गल्ली ही या सोयीची माहेरघरे. १९६९मध्ये सुरू झालेल्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' या मासिकातील आकृत्या पाहून सर्किट उभे करणारा एक वर्गही तयार झाला होता. पाश्चात्त्य देशांत ही परंपरा आणखी जुनी. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरी बांधला. त्यानंतर अमेरिकेत 'हीथकिट'सारख्या कंपन्यांनी सर्व भाग आणि सविस्तर पुस्तिका एका खोक्यात घालून विकल्या. तयार माल स्वस्त झाला, तसा जोडणीतून पैसे वाचण्याचा मुद्दा संपला आणि 'हीथकिट'ने १९९२मध्ये किटचा व्यवसाय थांबविला. आजही स्वतः बनविणे स्वस्त पडते, असे समजून जो या वाटेला जातो, त्याची पहिल्याच महिन्यात निराशा होते. कारण वेगळे असले पाहिजे.

पहिली पायरी तयार बोर्डाची. ब्लूटूथसह ॲम्प्लिफायरचा छोटा बोर्ड विकत घ्यायचा, त्याला ॲडॉप्टर आणि दोन स्पीकर जोडायचे आणि सगळे एका पेटीत बसवायचे. यात डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, काम नाममात्र असते. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह ॲडॉप्टरच्या आतच राहतो, हा या पायरीचा सर्वांत मोठा गुण होय. शाळकरी मुलांनी येथूनच सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फसगत होते ती वॅटच्या आकड्यांत. पूर्वी टू-इन-वनच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांचे आकडे छापलेले असत. त्याच जातीचे आकडे आज बोर्डांवर दिसतात. पडताळा सोपा आहे. व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागायचे. १२ व्होल्ट आणि ४ ओहम असतील, तर १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॅट. ही दोन ॲम्प्लिफायर उलटसुलट जोडून चालविणाऱ्या 'ब्रिज' पद्धतीची कमाल मर्यादा झाली. साध्या पद्धतीत तिच्या चौथाई, म्हणजे साडेचार वॅट मिळतात. बोर्डात व्होल्टेज वाढविणारे वेगळे सर्किट नसेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर '५०० वॅट' ही निव्वळ छपाई समजावी. शिवाय वॅट दुप्पट झाले, तरी आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी वॅट साधारण दसपट लागतात. एवढे गणित आले, तरी बाजारातील निम्मे मोह गळून पडतात.

बोर्ड बिघडला, तर या पायरीवरील माणूस तो बोर्ड बदलतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अनेकांना गाणी ऐकायची असतात, सर्किट नव्हे.

सिरीजचा बल्ब

खरी सीमारेषा ओलांडली जाते ती ट्रान्सफॉर्मर हातात घेतल्यावर. टीडीए २०३० किंवा एलएम ३८८६ यांसारख्या एकाच आयसीभोवती मोजके भाग जोडून ॲम्प्लिफायर तयार होतो. एलएम ३८८६ला धन-ऋण २८ व्होल्टचा पुरवठा दिला, तर ४ ओहमच्या स्पीकरवर तो ६८ वॅट देऊ शकतो. दिवाणखान्याला हे पुष्कळ झाले. पण येथे २३० व्होल्टची वायर उघडी असते आणि मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतात. जुने मेकॅनिक नवे यंत्र कधीही थेट प्लगमध्ये घालीत नसत. ते आधी 'सिरीज बोर्ड' लावीत, म्हणजे यंत्राच्या मार्गात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब एकसरीत जोडीत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. भगभगीत पेटून राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. बटण बंद करावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तारेचाच लागतो. थोडक्या खर्चाची ही युक्ती हजारांचे नुकसान टाळते, आणि कधी कधी त्याहून मोठे काही. मात्र उघड्या वायरीला लागलेला हात हा बल्ब वाचवीत नाही, हेही बजावले पाहिजे.

दुसरी सवय मीटरची. स्पीकर जोडण्यापूर्वी ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट दिसले, तर चिंता नाही. काही व्होल्ट दिसले, तर स्पीकरची कॉइल जळण्याचा धोका असतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने पदविकेच्या दिवसांत पहिल्यांदा टीडीए २०३०ची जोडी उभी केली, तेव्हा आयसी आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा घालायचा राहून गेला. या आयसीच्या पाठीचा पत्रा ऋण पुरवठ्याला जोडलेला असतो आणि हीटसिंक पेटीच्या धातूला, म्हणजे अर्थला, टेकलेले होते. फ्यूज उडाला, पुन्हा बसविला, पुन्हा उडाला. तिसऱ्या फ्यूजनंतर माहितीपत्रक वाचण्याची बुद्धी झाली. या पायरीवर शिक्षण होते ते असे.

घुंई असा सतत आवाज येणे, ही येथील सर्वांत सामान्य तक्रार. तो आवाज कानांनी ओळखता येतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते. खालच्या पट्टीतील मऊ घुंई बहुधा ५० हर्ट्झची असते आणि तिचे मूळ अर्थच्या वायरींच्या फेऱ्यात किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून नेलेल्या इनपुट वायरीत सापडते. तिच्याहून एक सप्तक वर असलेली, किंचित करकरीत घुंई १०० हर्ट्झची. ती रेक्टिफायर आणि कपॅसिटरच्या बाजूची. ज्याला हा फरक कळू लागला, त्याला तपकीर गल्लीत केवळ 'आवाज येतोय' असे सांगावे लागत नाही.

ट्रान्झिस्टर, तांब्याची पाटी आणि बनावट माल

त्यापुढे स्वतंत्र ट्रान्झिस्टरांचा ॲम्प्लिफायर येतो. आपल्याकडील बाजारात ५२०० आणि १९४३ ही जोडी इतकी रुळली आहे, की दुकानदाराला पूर्ण क्रमांक सांगावा लागत नाही. मूळ जोडी तोशिबा कंपनीची. नाव मोठे झाले, की नकला येतातच. आत लहानशी चकती आणि वर हुबेहूब अक्षरे असा माल सर्रास मिळतो आणि आवाज वाढविताच तो फुटतो. या पायरीवरील माणसाला स्थिर प्रवाह जुळविणे, उष्णतेबरोबर तो वाढत जाणार नाही हे पाहणे आणि तांब्याची पाटी फेरिक क्लोराइडमध्ये घालून स्वतःचा पीसीबी काढणे, हे सर्व करावे लागते. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये. बोटांवरचे पिवळे डाग काही दिवस टिकतात. या छंदाची ती ओळखपत्रेच.

आणखी वर, स्वतः सर्किट रचणारे थोडे. संगणकावर एलटीस्पाइससारख्या मोफत प्रणालीत सर्किट आधी चालवून पाहता येते, ही गेल्या पंचवीस वर्षांतील मोठीच सोय. तरीही या थोड्यांविषयी येथे फारसे लिहीत नाही, कारण सामान्य हौशी माणसासाठी त्याहून फलदायी वाट वेगळी आहे: स्पीकरची पेटी.

माठातला घुमारा

स्पीकर माठाच्या किंवा रांजणाच्या तोंडावर उपडा बसवून गाणी ऐकण्याची पद्धत खेड्यापाड्यांत अनेकांनी पाहिली असेल. शहरी वाचकांना ती गमतीची वाटते, पण तिच्यामागील विज्ञान पक्के आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो, तेव्हा पुढे हवेचा दाब वाढतो आणि मागे कमी होतो. उघड्या स्पीकरमध्ये हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, विशेषतः खर्जात. म्हणून उघडा स्पीकर पत्र्यासारखा वाजतो. माठ मागचा आवाज कोंडून ठेवतो आणि ढोलकीचा धुम ऐकू येऊ लागतो. गोल आकाराला कोपरे नसल्याने कडांवरून ध्वनी विस्कटत नाही. आरसीए कंपनीचे हॅरी ऑल्सन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या आकारांच्या पेट्या मोजून पाहिल्या, तेव्हा सर्वांत सम प्रतिसाद गोलाचाच आढळला होता.

माठाचा दोषही त्याच्या गुणातच आहे. आतली हवा एका ठराविक सुरावर जास्त घुमते, त्यामुळे प्रत्येक ठेका एकाच सुरात ऐकू येतो. माठात जुन्या गोधडीचे तुकडे किंवा कापूस सैलसर भरला आणि स्पीकरची कड रबराने हवाबंद केली, तर फरक तत्काळ जाणवतो. कोणत्या स्पीकरला किती लिटरची पेटी हवी, हे आज अंदाजाने ठरवावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या गणिताने ते कागदावर काढता येते. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात त्यासाठीचे आकडे दिलेले असतात. पुढचे काम प्लायवूड, सरस आणि स्क्रू यांचे. या बाबतीत गावातील सुतार हा शहरातील कोणत्याही महागड्या दुकानापेक्षा उपयोगी ठरावा. विजेचा धोका नाही आणि कानाला पडणारा फरक मात्र ॲम्प्लिफायर बदलण्याहून मोठा.

हाताने करीत शिकण्याची ही रीत पुणे जिल्ह्याला परकी नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे विद्यार्थी वीजजोडणी, सुतारकाम, शेती अशी कामे गावाला सेवा म्हणून करून शिकतात. २००२मध्ये तेथेच अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' उभी राहिली. गावासाठी केलेल्या कामात चूक लपत नाही, हे या पद्धतीचे बळ. ॲम्प्लिफायरलाही तेच लागू पडते: शेजारी ऐकतोच.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचाही उल्लेख हवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पेटी घरी बनविलेली असो वा भाड्याने आणलेली, नियम एकच.

जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस सर्किटची आकृती चिकटविलेली असे. घरी बनविलेल्या यंत्रातही असा कागद ठेवावा आणि त्यावर यंत्र नीट चालत असताना प्रत्येक ठिकाणी मोजलेले व्होल्टेज व तारीख लिहावी. बिघाड झाला, की मीटर लावून आकडे ताडून पाहायचे. कोठे फरक पडला, ते कळल्यावरच स्वारगेटची एसटी पकडायची.