मूत्रपिंडाच्या गाठीला पेट स्कॅन केव्हा?

मुधोळ-बासरकडे कुणाच्या मूत्रपिंडात गाठ निघाली की घरचे नांदेड नाहीतर हैदराबाद गाठतात आणि डॉक्टरांना आधी विचारतात, "पेट स्कॅनच करून टाकू का?" घाई करू नका. गाठ केवढी, शिरेत शिरली का, हे औषध टोचून काढलेला सीटी स्कॅन उत्तम सांगतो. ७ सेंटिमीटरपर्यंतची, मूत्रपिंडातच राहिलेली कर्करोगाची गाठ पहिल्या टप्प्यातली.

नेहमीच्या पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. ती लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून पडद्यावर निरोगी मूत्रपिंडही लखलखतं आणि गाठ त्या उजेडात हरवते. शिवाय या कर्करोगाच्या कित्येक गाठी साखर फारशी ओढतच नाहीत. हाडांत किंवा दूर कुठे पसरल्याची शंका असेल, तेव्हा मात्र हा स्कॅन कामी येऊ शकतो.

मला खरी आशा वाटते ती पेटसाठी टोचायच्या नव्या द्रव्यांची. झिर्कोनियम-८९ जोडलेलं गिरेंटुक्सिमॅब या कर्करोगाच्या 'क्लिअर सेल' प्रकारातल्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. टोचल्यावर साधारण पाच दिवसांनी चित्र घेतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झिरकॉन चाचणीत त्याने अशा गाठी सुमारे ८६ टक्के वेळा बरोबर ओळखल्या.