अद्ययावत करणारे साधनच जेव्हा जुने होते

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफितींची मोठी माला तयार केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झालेल्या या मालेतील लिनक्सच्या पाठांमध्ये ‘सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर’ या साधनावरही एक पाठ आहे. लिनक्सचे सुरुवातीचे पाठ उबुंटू या लिनक्सच्या वितरणाच्या, म्हणजे तयार संचाच्या, त्या वेळी प्रचलित असलेल्या, १०.०४ सारख्या आवृत्त्यांवर चित्रित झाले. त्यांत सांगितलेल्या कृतींचा क्रम आजही बरोबर आहे. परंतु तीच जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर आज तो पाठ गिरवू गेल्यास सॉफ्टवेअरची यादी ताजी करण्याच्या पहिल्याच टप्प्यावर ‘४०४’, म्हणजे ‘या पत्त्यावर काही सापडत नाही’, असे उत्तर येते. शिकणाऱ्याची यात चूक नसते आणि पाठही चुकलेला नसतो. संगणकातील व्यवस्था तशीच राहून तिच्याभोवतीचे जग पुढे सरकलेले असते.

हा अनुभव आता अधिक घरांत येण्याची शक्यता आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे विंडोज ११ न पेलणाऱ्या संगणकांवर लिनक्स बसवण्याचा पर्याय अनेकांसमोर आला आहे. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील एखाद्या घरी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला वापरलेला संगणक असो किंवा अंबरनाथ-उल्हासनगरकडील एखाद्या संगणकवर्गात वर्षानुवर्षे न हलवलेली यंत्रे असोत, त्यांवर आधीपासून लिनक्स असेल तर ते बहुधा जुने असते आणि नवे सॉफ्टवेअर घ्यायला गेल्यावरच ते लक्षात येते.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय

लिनक्सवरील सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांच्या रूपात येते. प्रत्येक गठ्ठ्यात प्रोग्रॅमच्या फायली असतात आणि तो चालण्यासाठी आणखी कोणते गठ्ठे लागतात याची नोंदही असते. या नोंदीतील गरजांना ‘अवलंबने’ म्हणतात. हे गठ्ठे ‘रिपॉझिटरी’ या सार्वजनिक भांडारात ठेवलेले असतात, आणि भांडाराची यादी वाचून अवलंबनांचा मेळ घालणे, हवे ते गठ्ठे उतरवून घेणे व त्यांची उभारणी करणे हे पॅकेज मॅनेजरचे काम होय. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटू, लिनक्स मिंट तसेच भारतात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ या वितरणांत हे काम दोन थरांत चालते: खालच्या थरातील ‘डीपीकेजी’ हातात आलेला गठ्ठा उघडून बसवतो, तर वरच्या थरातील ‘ॲप्ट’ तो गठ्ठा कोठून आणायचा व त्याच्यासोबत काय आणायचे हे ठरवतो. सिनॅप्टिक हा याच व्यवस्थेचा खिडक्या-बटणांचा दर्शनी भाग आहे. रेड हॅटच्या परंपरेत हीच विभागणी ‘आरपीएम’ आणि ‘यम’ यांच्यात होती. पुढे २०१५ च्या फेडोरा २२ पासून ‘यम’ची जागा ‘डीएनएफ’ने घेतली.

या रचनेत एक अंगभूत पेच आहे. संगणकातील प्रत्येक जुनी वस्तू पॅकेज मॅनेजरमार्फत बदलता येते. पण खुद्द पॅकेज मॅनेजर आणि तो ज्यांच्या आधाराने चालतो ती साधने जुनी झाली, तर तीही त्याच्याचमार्फत बदलावी लागतात. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लावून घ्यावे, तशी ही अवस्था असते. जानेवारी २०१९ मध्ये याचे ठळक उदाहरण दिसले. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे वळवले जाण्याच्या प्रक्रियेत ॲप्टमध्येच सुरक्षेची त्रुटी आढळली आणि ती दुरुस्त करणारी आवृत्ती मात्र त्याच ॲप्टमधून घ्यायची होती. म्हणून तेवढ्या एका अद्यतनापुरते असे वळवणे बंद ठेवावे, अशी सूचना डेबियनला वापरकर्त्यांना द्यावी लागली. साधनाचा जो भाग अजून भरवशाचा आहे तेवढ्याच्या आधाराने बाकीचा भाग नीट करायचा, हे त्या सूचनेमागचे तत्त्व जुन्या व्यवस्थेच्या प्रत्येक दुरुस्तीला लागू पडते.

अडथळे कोठे येतात

पहिला अडथळा पत्त्याचा असतो. वितरणाच्या प्रत्येक आवृत्तीला आधाराची मुदत असते; उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना साधारणतः पाच वर्षे नियमित अद्यतने मिळतात. मुदत पूर्ण संपलेल्या आवृत्तीचे गठ्ठे मुख्य भांडारातून काढून संग्रहात हलवले जातात. उबुंटूने त्यासाठी ‘ओल्ड रिलीजेस’, डेबियनने ‘अर्काइव्ह’ आणि रेड हॅटच्या परंपरेतील सेंटओएसने ‘व्हॉल्ट’ नावाचा संग्रह ठेवला आहे. सर्व्हरवर दीर्घकाळ लोकप्रिय राहिलेल्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, त्यानंतर जवळचे भांडार सुचवणारी तिची सेवाही बंद झाली आणि ‘यम’ पत्ता सापडत नसल्याची तक्रार करू लागला. इंटरनेट व्यवस्थित चालत असतानाही हा संदेश येत असल्याने अनेकांचा संशय आधी जोडणीवर जातो. प्रत्यक्षात भांडाराच्या नोंदीत संग्रहाचा पत्ता घालणे एवढाच त्यावरचा उपाय असतो.

दुसरा अडथळा काळाचा, म्हणजे घड्याळ आणि प्रमाणपत्रे यांचा आहे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की जुना संगणक चालू करताना अनेक वर्षे मागची तारीख धरतो, आणि भांडाराची यादी ‘अजून वैध झालेली नाही’ असे म्हणून ॲप्ट ती नाकारतो. याउलट घड्याळ बरोबर असून प्रमाणपत्रे शिळी असतील तर सुरक्षित जोडणी तुटते. संकेतस्थळाची ओळख पटवणारी ही प्रमाणपत्रे शेवटी संगणकात साठवलेल्या काही मूळ प्रमाणपत्रांवर विसंबतात आणि मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. तेव्हा सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.०.२ सारख्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या व्यवस्थांना अनेक ठिकाणी जोडणी नाकारली गेली, कारण विश्वासाचा दुसरा वैध मार्ग उपलब्ध असूनही तो शोधण्याची रीत त्या आवृत्त्यांना अवगत नव्हती.

तिसरा अडथळा गठ्ठ्यांच्या बांधणीतून येतो. जागा आणि वेळ वाचवण्यासाठी गठ्ठ्यातील मजकूर संकुचित केलेला असतो आणि संकोचनाच्या रीती बदलत जातात. फेडोराने ३१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ मध्ये, तर उबुंटूने २१.१० पासून ‘झेडस्टँडर्ड’ ही नवी रीत स्वीकारली; ती न जाणणारा जुना आरपीएम किंवा डीपीकेजी गठ्ठा पूर्ण उतरल्यावरही तो उघडू शकत नाही. मायाजालावरून थेट घेतलेली फाइल ‘खराब’ वाटते तेव्हा ती बहुधा सुस्थितीत असते आणि ती वाचणारे साधनच मागे राहिलेले असते.

चौथा अडथळा पायाचा आहे. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयावर उभा असतो आणि नव्या जीलिबसीसाठी बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर चालत नाही. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे आणि उबुंटू १८.०४ मध्ये २.२७, तर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएस १८ च्या अधिकृत बांधणीला किमान २.२८ लागते. केवळ हे ग्रंथालय बदलून टाकण्याचा मोह येथे घातक ठरतो, कारण ते अर्धवट बदलले गेल्यास फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञाही चालेनाशी होते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचीही हीच गत आहे. जुना ‘यम’ पायथन २ मध्ये लिहिलेला असल्याने व्यवस्थेचे मूळ पायथन बदलून त्याजागी ३ ठेवताच तो कोलमडत असे. आजच्या उबुंटूवरही मूळ पायथन ३ ऐवजी दुसरी आवृत्ती पुढे केली की भांडार जोडणारी आज्ञा आवश्यक भाग सापडत नसल्याचे सांगून थांबते. नवे पायथन हवे असल्यास ते जुन्याशेजारी स्वतंत्रपणे ठेवणे हाच निर्धोक मार्ग होय.

विश्वासाचे दोन स्वतंत्र धागे

या सगळ्यांतून मार्ग काढण्यासाठी एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. भांडार आणि संगणक यांच्यात विश्वासाचे दोन वेगळे धागे असतात. जोडणी सुरक्षित आहे की नाही, हे प्रमाणपत्रे ठरवतात. आलेला माल अस्सल आहे की नाही, हे डिजिटल स्वाक्षरी ठरवते. डेबियन घराण्यात भांडाराच्या मुख्य सूचीवर वितरणाची स्वाक्षरी असते, त्या सूचीत गठ्ठ्यांच्या याद्यांचे गणिती ठसे नोंदलेले असतात आणि याद्यांत प्रत्येक गठ्ठ्याचा ठसा असतो. त्यामुळे एका स्वाक्षरीची खातरजमा झाली की शेवटच्या गठ्ठ्यापर्यंतची साखळी तपासता येते. म्हणूनच ही वितरणे वर्षानुवर्षे साध्या, असुरक्षित जोडणीवरूनही गठ्ठे देत आली आणि मधल्या मार्गात कोणी गठ्ठा बदलला तर ॲप्ट तो नाकारत आला.

पेच सुटतो तो याच भेदामुळे. प्रमाणपत्रे शिळी झाल्याने सुरक्षित जोडणी जमत नसेल, तर वितरणाच्या स्वतःच्या भांडाराशी साध्या जोडणीने बोलावे, स्वाक्षरीची तपासणी मात्र चालू ठेवावी आणि सर्वांत आधी ‘सीए-सर्टिफिकेट्स’ हे मूळ प्रमाणपत्रांचे पॅकेज व स्वाक्षरी पडताळण्यासाठी लागणाऱ्या वितरणाच्या किल्ल्यांचे पॅकेज तेवढेच घ्यावे. हे दोन्ही ताजे झाले की उरलेली कामे नेहमीच्या मार्गाने होऊ लागतात. याउलट स्वाक्षरीची तपासणीच बंद करण्याचा सल्ला, जो घाईत नेहमी दिला जातो, तो साध्या जोडणीवर उरलेला एकमेव धागाही तोडतो आणि त्यानंतर बसलेल्या कोणत्याही गठ्ठ्याबद्दल खात्री देता येत नाही. संग्रहातील डेबियनच्या काही याद्यांवर वैधतेची अंतिम तारीख छापलेली असल्याने तेवढी तारखेची अट शिथिल करावी लागते. पण ती वेगळी बाब असून तीत स्वाक्षरीला धक्का लागत नाही.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती खालून वर करावी. प्रथम स्वतःच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, कारण यापुढील प्रत्येक पाऊल व्यवस्थेच्या मुळाशी जाते. मग घड्याळ आणि मोकळी जागा पाहावी. जुने कर्नल, म्हणजे व्यवस्थेचे गाभे, साठून ‘बूट’ विभाग भरलेला असणे हे अद्यतन अर्ध्यात थांबण्याचे नेहमीचे कारण आहे. वीज गेल्याने उभारणी मध्येच तुटली असेल, तर डीपीकेजीला अर्धवट राहिलेल्या गठ्ठ्यांची मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा देऊन नंतर ॲप्टकडून तुटलेली अवलंबने जुळवून घ्यावीत. दुसरी प्रक्रिया काम करत असल्याने ‘कुलूप’ लागल्याचा संदेश आला, तर ती संपण्याची वाट पाहावी. कुलपाची फाइल पुसून टाकल्यास दोन प्रक्रिया एकाच नोंदवहीत लिहू लागतात आणि नोंदवहीच बिघडते.

त्यानंतर बाहेरून जोडलेली सर्व भांडारे तात्पुरती बंद करून केवळ वितरणाचे मूळ भांडार, गरज असल्यास त्याच्या संग्रहाच्या पत्त्यासह, चालू ठेवावे. बाहेरच्या भांडारांतील गठ्ठे नव्या पायाची अपेक्षा ठेवतात आणि अवलंबनांची गुंतागुंत बहुधा तेथूनच सुरू होते. यादी निर्धोकपणे ताजी होऊ लागली की प्रमाणपत्रे, किल्ल्या, डीपीकेजी आणि ॲप्ट यांच्या त्या आवृत्तीतील शेवटच्या सुधारणा घ्याव्यात आणि मगच वरच्या आवृत्तीकडे जावे. तेथेही उड्या मारता येत नाहीत: उबुंटू १६.०४ वरून १८.०४, मग २०.०४, मग २२.०४ असाच क्रम ठेवावा लागतो, कारण प्रत्येक आवृत्तीची साधने लगतच्या पुढच्या आवृत्तीचे गठ्ठे वाचता येतील अशा बेताने चाचणी घेऊन तयार केलेली असतात.

इतक्या पायऱ्या चढण्यापेक्षा कोरी नवी उभारणी करणे पुष्कळदा सोपे असते आणि घरगुती संगणकासाठी तोच निर्णय बहुधा शहाणपणाचा ठरतो. मात्र यंत्र ३२ बिटांचे असेल तर त्यालाही मर्यादा आहे: उबुंटूने अशा यंत्रांसाठी स्वतंत्र वितरण केव्हाच थांबवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्यांच्यासाठी नवी उभारणी देणे बंद केले. एखादे जुने सॉफ्टवेअर चालू ठेवणे भागच असेल, तर उबुंटूच्या विस्तारित आधाराचा विचार करता येतो. वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत तो विनामूल्य मिळतो. एकाच खोलीत अनेक यंत्रे असलेल्या वर्गांना उतरवलेले गठ्ठे साठवून ठेवणारा स्थानिक मध्यस्थ उभारता येतो, म्हणजे तोच माल प्रत्येक यंत्रासाठी पुन्हा उतरवावा लागत नाही आणि अद्यतने लांबणीवर टाकण्याचे एक कारण कमी होते.

पॅकेज मॅनेजरने दिलेला नकार बहुतेक वेळा त्याचे बिघडणे नसून त्याने दाखवलेली सावधगिरी असते. तो घड्याळावर, किल्लीवर, पत्त्यावर किंवा बांधणीवर नेमके बोट ठेवत असतो. तो नकार झुगारणारी आज्ञा शोधण्याऐवजी त्याने कशावर बोट ठेवले हे वाचले, तर दुरुस्ती सहसा एका छोट्या गठ्ठ्यापासून सुरू होते. आणि संगणकात असलेल्या आवृत्तीची आधाराची मुदत कोणत्या वर्षी संपते हे ठाऊक असून त्याआधीच पुढच्या आवृत्तीकडे गेले, तर पेच पडण्याआधीच टळतो, कारण तोपर्यंत जुनी साधने नवे गठ्ठे वाचण्याइतकी सक्षम असतात.